कण्हेर आणि जास्वंद : आवारासाठी निवड कशी करावी?

शाळा, ग्रामपंचायतीचे कार्यालय, देवालय किंवा राहते घर यांच्या आवारात वर्षानुवर्षे टिकणारी फुलझाडे लावावयाची असली, म्हणजे दोन नावे प्रथम पुढे येतात : कण्हेर आणि जास्वंद. दोन्ही झुडपे बहुवर्षायू व सदाहरित आहेत. दोन्ही फांदीपासून सहज वाढतात, छाटणी सोसतात, कुंपणाच्या कडेने ओळीत शोभतात आणि देवपूजेसाठी फुले पुरवितात. त्यामुळे पुष्कळदा ज्याची फांदी हाती लागेल ते झाड लावले जाते. परंतु या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. तो ध्यानात न घेता केलेली निवड मुलांच्या व गुराढोरांच्या जिवावर बेतू शकते. तो भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ओळख

दोन्ही वनस्पतींची आजची शास्त्रीय नावे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयस याने १७५३ साली दिली. कण्हेरीस त्याने नेरियम ओलिअँडर म्हटले, तर जास्वंदीस हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, म्हणजे 'चीनचा गुलाब'. कण्हेर ही सदाफुली, तगर व चाफा यांच्या कुळातील आहे. तिची पाने लांब, अरुंद व चिवट असून एकेका पेऱ्यावर बहुधा तीन-तीन येतात. फुले पांढरी, गुलाबी किंवा तांबडी असून गुच्छाने येतात. जास्वंद ही भेंडी, कापूस व अंबाडी यांची भाऊबंद होय. तिची पाने रुंद व दातेरी असतात. फूल मोठे, पण बहुधा एकाच दिवसाचे असते. मात्र रोज नवी कळी उमलत असल्याने झाड क्वचितच रिकामे दिसते.

बेळगावकडील कानडी शेजारी जास्वंदीस 'दासवाळ' म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे 'गुडहल' व वडोदऱ्याकडे 'जासूद' या नावांनी ती ओळखली जाते. कण्हेरीचे संस्कृत नाव करवीर. तिचे दुसरे संस्कृत नाव मात्र अधिक बोलके आहे : अश्वमारक, म्हणजे घोड्यास मारणारी. आपल्या पूर्वजांना या झाडाचा गुण आणि दोष दोन्ही ठाऊक होते, याची साक्ष या एका शब्दात आहे.

कण्हेर लोकप्रिय का?

कण्हेर एकदा रुजली की पाण्यावाचून उन्हाळा काढते. जांभा दगडाची उथळ जमीन, समुद्राकाठचा खारा वारा, रस्त्यावरची धूळ व मोटारींचा धूर ही सर्व ती सोसते. महामार्गांच्या मधल्या दुभाजकावर तिची लागवड दिसते ती याचसाठी. रात्री समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांचा झोतही तिच्या दाट पर्णभाराने अडतो.

शाळांना ती आवडण्याचे कारण निराळे आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत झाडांना पाणी घालावयास कोणी नसते आणि मोकळी गुरे आवारात शिरतात. अशा वेळी इतर रोपे खुरटतात, कण्हेर मात्र उभी राहते. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, कारण ती कडू व विषारी आहे. जो गुण तिला राखणीवाचून जगवितो, तोच तिचा धोका आहे.

विषाचे स्वरूप

कण्हेरीचे मूळ, साल, पान, फूल, बी व चीक ही सर्व अंगे विषारी आहेत. ओलिअँड्रिन व तत्सम द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवितात. मळमळ, उलटी, पोटदुखी, जुलाब, चक्कर व मंद किंवा अनियमित नाडी ही विषबाधेची लक्षणे होत. पाने वाळल्याने विष नाहीसे होत नाही. छाटणीतील वाळलेली पाने कापलेल्या गवतात मिसळली, तर एरवी हिरव्या पानांस तोंड न लावणारी गुरेशेळ्या ती खातात आणि दगावतात.

केरळात या फुलास 'अरळी' म्हणतात. मे २०२४ मध्ये तेथील त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य व प्रसाद यांत ही फुले वापरण्यास मनाई केली. देवास वाहिलेले फूल प्रसादाबरोबर भक्तांच्या, विशेषतः मुलांच्या, तोंडी जाण्याचा संभव असतो, हे पाहता ही खबरदारी आपणही घेण्याजोगी आहे.

पिवळ्या फुलांची बिट्टी, जिला काही ठिकाणी पिवळी कण्हेर म्हणतात, हे निराळे झाड आहे. तथापि तिच्या बिया अत्यंत विषारी असून मुले त्या खेळावयास घेतात. तिच्याबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

जास्वंदीचे गुण व तिच्या गरजा

जास्वंदीपासून असे भय नाही. शिक्षकांना तर ती फुलती प्रयोगशाळाच वाटावी. पाच पाकळ्या, नळीसारखे जुळलेले पुंकेसर व त्या नळीतून बाहेर आलेली कुक्षीची पाच टोके मुलांना भिंगाशिवाय दाखविता येतात. तांबड्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून काढलेला रंग लिंबाच्या रसाने गडद गुलाबी व चुन्याच्या निवळीने हिरवा होतो. आम्ल व अल्कली यांची ओळख करून देण्यास याहून स्वस्त साधन नाही.

मात्र जी वनस्पती माणसास निरुपद्रवी, ती गुरांस व किडींसही गोड लागते. जास्वंदीस राखण हवी. पाणी तुंबल्यास तिची मुळे कुजतात. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. तेथे शेणखत भरपूर घालावे. पिठ्या ढेकूण हा तिचा मुख्य शत्रू. कोवळ्या शेंड्यावर पांढरा कापसासारखा थर व मुंग्यांची ये-जा दिसताच तो शेंडा कापून नष्ट करावा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. हीच कीड भेंडी व कापूस यांवरही पडते. म्हणून परसातील भेंडीच्या वाफ्यालगत जास्वंद लावू नये.

लागवड

पावसाच्या आरंभी पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटर लांबीची, तीन-चार डोळ्यांची पक्व फांदी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली द्यावा आणि वरची एक-दोन पाने ठेवून बाकीची काढावीत. सुमारे दीड महिन्यात मुळे धरतात. कुंपणासाठी दोन रोपांत पाऊण ते एक मीटर अंतर ठेवावे. पहिली दोन वर्षे काटेरी फांद्यांचा आडोसा करावा आणि उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. सुट्टीच्या काळात पाणी कोणी घालावयाचे, हे शाळा बंद होण्यापूर्वीच पालकांच्या सभेत ठरवून टाकावे. कण्हेरीच्या आकर्षणाचे खरे मूळ पाण्याच्या या न सुटलेल्या प्रश्नात आहे.

आधीच कण्हेर असेल तर?

घाबरून जाण्याचे कारण नाही. केवळ जवळून गेल्याने किंवा वासाने विषबाधा होत नाही. तथापि पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. बालवाडी, अंगणवाडी व प्राथमिक शाळा यांच्या आवारातील, तसेच गोठ्याजवळील कण्हेर मुळासकट काढून तिच्या जागी जास्वंद लावावी.

२. छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. छाटलेला माल खोल खड्ड्यात पुरावा. तो जाळू नये, कारण धूरही अपायकारक असतो.

३. तिच्या काड्या दातवणासाठी, पदार्थ भाजण्यासाठी किंवा ढवळण्यासाठी कधीही वापरू नयेत.

४. कोणी पान वा फूल चघळल्याचे कळताच लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व झाडाची डहाळी डॉक्टरांना दाखविण्यासाठी सोबत द्यावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याच्या भरीस पडू नये. जनावरांसाठी पशुवैद्यकास तत्काळ कळवावे.

सारांश

ज्या जागी मुले व जनावरे पोहोचत नाहीत आणि पाणीही पोहोचत नाही, तेथे कण्हेर उत्तम. जेथे मुले खेळतात, गुरे फिरतात व रोज माणसांचा वावर आहे, तेथे जास्वंद लावावी आणि तिच्या पाण्याची व राखणीची जबाबदारी घ्यावी. झाडाची निवड त्याच्या फुलावरून न करता, त्याच्या सावलीत कोण वावरणार आहे यावरून करावी. हा नियम पाळल्यास आवार शोभिवंत होईल आणि निर्धास्तही राहील.