आधी आयसीयू दाखवा

‘म्हणजे वाफ देणारा ना?’ रेस्पिरेटरी थेरपिस्ट हे नाव काढलं की पालक हमखास हे विचारतात. मुलगी बारावी सायन्सला, एमबीबीएसची आशा मावळलेली, आणि समोर हे अनोळखी नाव. काळजी वाटणारच.

तेव्हा आधी काम बघू. आयसीयूत व्हेंटिलेटरचा अलार्म वाजतो, पडद्यावर हवेचा दाब एकदम वाढलेला दिसतो. थेरपिस्टची नजर आधी पेशंटकडे जाते, मग यंत्राकडे. पेशंटने नळी दातात धरलीय का? नळीत कफ अडकलाय? छातीच्या दोन्ही बाजूंना हवा सारखी पोचतेय ना, हे तो स्टेथोस्कोपने ऐकतो. कफ असेल तर सक्शन करतो. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड तपासतो आणि डॉक्टरांशी बोलून यंत्राची सेटिंग बदलतो. एका श्वासाला किती हवा द्यायची, हे पेशंटच्या उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतं. फुप्फुसं फार सुजलेली असतील तर किलोमागे साधारण 6 मिलिलिटर. म्हणून ज्याला बायोलॉजीइतकीच फिजिक्सची गोडी आहे, त्याने हा रस्ता जरूर बघावा.

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा श्वास थांबत चाललेल्या रुग्णांसाठी पुरेशी यंत्रं नव्हती. सुमारे 1,500 वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस हाताने पिशवी दाबून त्यांचा श्वास चालू ठेवला. आजचं आयसीयू तिथून उभं राहिलं. कोविडमध्ये आपल्याला तेच पुन्हा कळलं: व्हेंटिलेटर विकत आणता येतो, तो चालवणारा माणूस मात्र घडवावा लागतो.

यंत्रमागांच्या भिवंडीतल्या मुलांना तर छातीचं दुखणं नवं नाही. लूमवरून घरी आलेल्या बापाच्या केसांतली रुई त्यांनी झटकलेली असते. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस होतो. त्यात सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते. स्पायरोमेट्रीत अशा पेशंटला जोरात फुंकायला लावून फुप्फुसाची ताकद मोजणं, हेही याच थेरपिस्टचं काम.

आता शिक्षण. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं. त्यानंतर बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी, बहुतेक ठिकाणी इंटर्नशिप धरून 4 वर्षं. मणिपाल आणि वेल्लोरचं सीएमसी ही या विषयातली जुनी, भरवशाची नावं. 2021च्या केंद्रीय कायद्याने डॉक्टर-नर्स सोडून इतर अनेक आरोग्य व्यवसायांच्या नोंदणीची चौकट आखली, तिच्यात श्वसनोपचाराचं हे कामही येतं.

फी भरण्यापूर्वी मात्र कॉलेजला एकच मागणी करा: आधी आयसीयू दाखवा. दुकानावरच्या दोन खोल्यांत ‘पॅरामेडिकल’चा बोर्ड लावून प्रवेश देणारे मी पाहिलेत, तिथल्या मुलांनी व्हेंटिलेटर फक्त फोटोत बघितलेला असतो. पदवी कोणत्या विद्यापीठाची, हॉस्पिटल कोणतं, विद्यार्थी व्हेंटिलेटरच्या किती बेडवर काम करतात, हे स्पष्ट विचारा. उत्तर देताना कोणी चाचरलं, तर तिथून उठा.

पगाराबद्दल खरं सांगते. सुरुवात बेताची असते, नाइट ड्युटी चुकत नाही, आणि सरकारी भरतीत या नावाच्या जागा कमीच निघतात. काम मिळतं ते मोठ्या खासगी हॉस्पिटलांत, स्लीप लॅबमध्ये, व्हेंटिलेटर बनवणाऱ्या कंपन्यांत. आखाताचं स्वप्न असेल तर तिथली लायसन्स परीक्षा आणि कागदपत्रांची पडताळणी आधीपासून डोक्यात ठेवा. अमेरिकेत भारतातल्या पदवीवर थेट काम मिळत नाही, तिथल्या मान्यताप्राप्त कोर्समधून पुन्हा शिकावं लागतं.

एक भांडवल मात्र भिवंडीच्या मुलांकडे आधीच आहे. मराठी, हिंदी, उर्दू, पद्मानगरातल्या घरांत तेलुगू. ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ म्हणून इन्हेलर कपाटात ठेवून देणाऱ्या लूम कामगाराशेजारी बसायचं, त्याच्याच भाषेत त्याला पंपाला जोडलेली नळी, म्हणजे स्पेसर, तोंडात धरायला शिकवायचं, पंप दाबल्यावर हळू श्वास आत, मग दहापर्यंत मोजून सोडायचा, आणि औषध स्टेरॉइडचं असेल तर शेवटी चूळ भरायला लावायची.