वर्गातील हरवलेली मिनिटे

शाळेची घंटा होते, प्रार्थना संपते आणि मुले वर्गात येऊन बसतात. परंतु घंटा झाली म्हणजे शिक्षण सुरू झाले, असे मात्र नव्हे. हजेरी घ्यावयाची असते. खडू कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली दुसऱ्या वर्गावरील गुरुजींकडे असते. तेवढ्यात एखादा पालक दाखल्यासाठी दाराशी येऊन उभा राहतो. कोणाची वही घरी राहिलेली असते, कोणाच्या पेन्सिलीला टोक नसते. गणिताचे पहिले उदाहरण फळ्यावर येईपर्यंत तासाचा बराच भाग सरलेला असतो. यात कोणाचाच मोठा अपराध नसतो. म्हणूनच या हानीची नोंद कोठे होत नाही.

मिनिटांचा हिशेब

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हावयास हवे. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण २२० दिवस व १,००० तास असे आहे. म्हणजे खालच्या वर्गांना दिवसाकाठी सरासरी चार तास मिळतात. त्यांतील २० मिनिटे रोज वाया गेली, तर २०० दिवसांत ४,००० मिनिटे, म्हणजेच ६६ तास ४० मिनिटे होतात. हे जवळजवळ १७ दिवसांचे अध्यापन झाले. शाळा उघडी, शिक्षक हजर, मुले हजर. आणि तरीही १७ दिवसांचे शिकणे बुडालेले!

कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक हे ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळांचे अध्यापन वर्षाला सुमारे ३९ आठवडे चालावे, अशी शिफारस केली होती. दिवस वाढविणे महत्त्वाचे खरेच. परंतु हाती असलेला दिवस सत्कारणी लावणे हे त्याहूनही निकडीचे आहे.

झळ कोणाला लागते?

ज्याच्या घरी अभ्यास घेणारे कोणी आहे, ते मूल ही तूट घरी भरून काढते. शेतमजुराच्या किंवा ऊसतोडणी कामगाराच्या मुलाला तशी सोय नसते. त्याच्यासाठी वर्गातील वेळ हेच सारे भांडवल होय.

द्विशिक्षकी शाळेत ही अडचण अधिक तीव्र होते. चौथीचा पाठ चालू असताना तिसरीने 'फळ्यावरचे उतरवून घ्या' एवढ्यावर थांबावयाचे असते. हुशार मूल उदाहरणे लवकर सोडवते आणि मग शेजाऱ्याची खोडी काढते. मागे पडलेले मूल न समजलेल्या ओळी मुकाट्याने लिहीत राहते. मग रागावणे आले, उभे करणे आले. त्यातही पाच मिनिटे जातात. ज्याला बेशिस्त म्हटले जाते, तो पुष्कळदा रिकामेपणाच असतो. शिक्षकाची चिडचिड आणि मुलाचा कंटाळा ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत.

वर्गात करण्याजोगे

यावरील काही उपाय बिनखर्चाचे आहेत. खडू, तक्ते व गणिताच्या मण्यांच्या माळा घंटेपूर्वीच जागेवर असाव्यात. वर्गात येताच मुलाने आपल्या नावाची पाटी 'हजर'च्या खुंटीला अडकवावी. त्यावरून शिक्षकाने हजेरी भरावी. काम लवकर संपविणाऱ्यांसाठी वाचनाची पुस्तके व प्रश्नपत्ते कोपऱ्यात ठेवावेत. वह्या तपासून घेण्यासाठी मुलांची रांग लावण्याऐवजी शिक्षकाने बाकांमधून फिरावे. साधी उदाहरणे मुलांनी जोडीने परस्परांची तपासावीत. जोडवर्गात एका गटाला पाठ व दुसऱ्याला ठरलेले स्वयंअध्ययन, अशी आखणी आदल्या दिवशीच झालेली असावी. अधिनियमाने शिक्षकांच्या कामाचे जे आठवड्याचे किमान ४५ तास ठरविले आहेत, त्यांत पाठाच्या पूर्वतयारीचाही समावेश आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

कार्यालय व पंचायत

सर्व भार शिक्षकावर टाकून मात्र हा प्रश्न सुटणार नाही. 'माहिती आजच सादर करावी' असा निरोप भर तासात आला, की पाठ तेथेच थांबतो. अधिनियमाच्या कलम २७ अन्वये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. कागदोपत्री माहितीसाठी आठवड्यातील एक वेळ ठरवून घेतली आणि बैठका अध्यापनाच्या वेळेबाहेर ठेवल्या, तर या तरतुदीमागील हेतू सफल होईल.

पंचायतीच्या सदस्यांनाही येथे पुष्कळ करता येईल. पिण्याच्या पाण्याची सोय, गळक्या छपराची पावसाळ्यापूर्वी डागडुजी, पोषण आहाराचे धान्य वेळेवर उतरवून घेणे, दाखल्यांसाठी येणाऱ्या पालकांना ठराविक वेळ सांगणे, ही कामे गावाने उचलली, तर शिक्षक वर्गातच राहील. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्याच मुलांच्या वेळेची राखण करणे हे त्यांचे स्वाभाविक कर्तव्य होय.

प्रारंभ एका साध्या नोंदीने करता येईल. प्रत्येक शाळेने एक आठवडाभर पाठ केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला आणि कशामुळे थांबला, एवढेच वहीत लिहावे. ही वही दोष देण्यासाठी नव्हे, तर कारणे शोधण्यासाठी असावी व ती समितीच्या बैठकीत वाचली जावी. शेतातील पाणी कोणत्या बांधातून पाझरते हे कळले, की बांध घालणे अवघड नसते. वर्गातून पाझरणाऱ्या वेळेचेही तसेच आहे.