पाळीतील पोटदुखी
बरखेड्यातील आमच्या घरांतून ‘कावळा शिवला’ असे हळूच म्हटले जाते, आणि मुलीची कळ तेथेच दडपली जाते. वस्तुतः प्रोस्टाग्लॅन्डिन नामक द्रव्यांमुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आवळतात, म्हणून कळ येते. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखविले. त्याच जातीची आयबुप्रोफेनची गोळी, डॉक्टरांना विचारून, कळ असह्य होण्याची वाट न पाहता आरंभीच, काही खाऊन घ्यावी. ओटीपोट शेकावे, येथे आजीबाईंचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे! मात्र एवढ्यानेही दरमहा शाळा बुडत असेल, तर ‘लग्नानंतर थांबेल’ ही समजूत आम्हांस मान्य नाही. एंडोमेट्रिओसिससारखा विकार असू शकतो. आईने मुलीस स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे.