पांढरी भांडी: बाभुळगावात कच्चा माल कितीला पडेल?

बाभुळगावच्या काळ्या मातीची कपबशी होत नाही. ती सुकतानाच तडकते, आणि तिच्यातल्या लोहामुळे भाजल्यावर लालसर पडते. पांढऱ्या भांड्याला साधारण निम्मी चिनी माती, पाव भाग गारगोटीची पूड, पाव भाग फेल्डस्पार (भट्टीत वितळून माल सांधणारं खनिज) आणि 1200 ते 1300 अंशांची भट्टी लागते.

समजा, भाड्यासकट चिनी माती 20, फेल्डस्पार 12 आणि गारगोटी 10 रुपये किलो पडली (इथे तुमचे भाव घाला). 100 किलो मिश्रण 1,550 रुपयांचं झालं. म्हणजे 200 ग्रॅमच्या कपात माल जेमतेम तीन रुपयांचा! 10 किलो फेल्डस्पारऐवजी फुकटची काच दळून घातली, तर किलोमागे सव्वा रुपयाही वाचत नाही. खरी बचत भट्टीत आहे. काचेमुळे माल कमी तापमानाला पक्का होतो. 6 किलोवॉटची भट्टी दीड तास कमी चालली, की 9 युनिट वाचले. 10 रुपये युनिट आणि भट्टीत 10 किलो माल धरला, तर किलोमागे 9 रुपये.

काच बिनरंगी घ्या, 5 टक्क्यांपासून सुरुवात करा. जास्त झाली की भांडं भट्टीत वाकतं. दळण ओलंच करा. गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते, तिथे काटकसर नको.

भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधली तुसाची राख गारगोटीऐवजी चालते. पण काळी राख पुन्हा जाळून पांढरी करायचा खर्च पाहता मला हा सौदा पटत नाही. वीज केंद्राची राख लोहामुळे रंग बिघडवते. आपल्याकडच्या पऱ्हाटीची राख मात्र चाळून, धुऊन ग्लेझमध्ये (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात) घालून पाहा. पांढरंशुभ्र नाही, पण छान ग्लेझ होतं.

चिनी माती टाळायचीच असेल, तर जयपूरची ब्लू पॉटरी आहे: गारगोटी, काच, मुलतानी माती, डिंक, आणि साधारण 800 ते 850 अंशांवर एकच भाजणी. चाकाऐवजी साचे लागतात, आणि माल शोभेचाच; चहाला नको.

पोती भरण्याआधी भद्रावतीच्या ग्रामोदय संघातलं काम पाहून या. तिथे 1955 पासून मातीकाम चालतं. मग घरी मिश्रणाची पट्टी करून ओली असतानाच 100 मिलिमीटरची रेघ मारा. भाजल्यावर रेघ 88 भरली, तर माल 12 टक्के आकसला. साचा 88 ला 100 या प्रमाणात मोठा हवा. तीच पट्टी कोरडी तोला, पाण्यात उकळा, पुसून पुन्हा तोला. 50 ग्रॅमची 52.5 झाली तर ती 5 टक्के पाणी पिते. चहाच्या कपासाठी हे प्रमाण 1 टक्क्याच्या खाली येईपर्यंत ऑर्डर घेऊ नका.