एआय एजंटच्या हाती टूल देताय? आधी त्याची माहिती नीट लिहा

समजा, देवळाली कॅम्पात तुमचं दुकान आहे आणि वेबसाइटचा कोड गिटहबवर आहे. दर बदलायचे, तर डेव्हलपर ‘पुल रिक्वेस्ट’ टाकतो, म्हणजे बदलाचा प्रस्ताव. गिटहबच्या एमसीपी सर्व्हरमधल्या एका टूलने एआय एजंट या प्रस्तावाचं शीर्षक, वर्णन बदलतो, तो बंदही करतो. मर्ज करायचं टूल वेगळं आहे.

एजंट टूलची माहिती वाचूनच ते वापरतो. म्हणून तीन गोष्टी लिहाच: टूल काय करतं, त्याला काय लागतं, काय करत नाही. ‘नवं वर्णन दिलं की जुनं जातं’ ही ओळ राहिली, तर एजंट एक वाक्य टाकेल आणि तुमची दरांची अख्खी यादी वर्णनातून उडेल. मर्जचा निर्णय मात्र स्वतःकडेच ठेवा!