उशिरा का होईना, सुरुवात करू या
(आरोग्य-पाठ : पाड्यावरील बैठकीत वाचून दाखवण्यासाठी आणि चर्चेसाठी)



सव्वा वर्षापूर्वी, दिवाळीनंतरच्या दिवसांत जव्हार भागातील एका पाड्यावर आपली आरोग्य-फेरी गेली होती. पाडा अर्धा रिकामा होता. भात झोडून झाल्यावर तरुण जोडपी वीटभट्टीवर निघून गेली होती. मागे उरली होती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. तपासणीला आलेल्या एका आजीचा रक्तदाब १८० वर १०० निघाला. वय साठीच्या पुढचे. दिवसातून चार-पाच वेळा मशेरी. चक्कर येते, डोके जड होते, पण दवाखान्यात कधी गेलेली नाही.

मी म्हटले, "आजी, गोळी सुरू करावी लागेल. मशेरीही सोडायला हवी."

आजी हसली. "ताई, तू लहान आहेस. माझ्या गोवऱ्या मसणात गेल्या. आता सोडून काय आणि धरून काय?"

हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. पन्नाशी उलटलेला प्रत्येक दुसरा माणूस ते वेगवेगळ्या शब्दांत बोलतो. आजच्या पाठाचा विषय तेच वाक्य आहे. ते खरे आहे का? आणि खरे नसेल, तर सुरुवात करायची कशी?

१. उशीर म्हणजे किती उशीर?

आधी तीन अभ्यास पाहू.

पहिला ब्रिटनमधला. तेथील पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाची नोंद १९५१ पासून पन्नास वर्षे ठेवली गेली. निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी तिसाव्या वर्षी सिगारेट सोडली, त्यांना ती न सोडणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आयुष्य जास्त मिळाले. चाळिशीत सोडणाऱ्यांना ९, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६ आणि साठीत सोडणाऱ्यांनाही सुमारे ३ वर्षे जास्त मिळाली. लवकर सोडणाऱ्याचा लाभ मोठा, हे उघड आहे. पण साठीत सोडणाऱ्याची झोळीही रिकामी राहिली नाही. हा हिशोब सिगारेटचा आहे, मशेरीला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी सुटल्या दिवसापासून तोंडाला होणारी रोजची इजा थांबते, एवढे नक्की.

दुसरा अभ्यास रक्तदाबाचा. ऐंशीच्या पुढच्या माणसांना रक्तदाबाची गोळी देऊन उपयोग होतो का, हे त्यात तपासले. २००८ साली निष्कर्ष आले. गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले, पक्षाघातही कमी झालेले दिसले. म्हणजे ऐंशीतही उपचार वाया जात नाही.

तिसरा अभ्यास ताकदीचा. १९९० साली अमेरिकेत, वृद्धाश्रमात राहणाऱ्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांचे व्यायाम करून घेतले. त्यांच्या पायांतील ताकद दुपटीहून अधिक वाढली. नव्वदीतला स्नायूसुद्धा काम दिले की उत्तर देतो.

तिन्हींचे सांगणे एकच आहे. झालेले सगळे नुकसान भरून येत नाही. पण पुढचे नुकसान आजपासून कमी होऊ शकते.

२. "आमचे आजोबा बिडी ओढत नव्वद वर्षे जगले"

बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. त्याची थट्टा करू नका, शांतपणे उत्तर द्या. नव्वदी गाठलेले आजोबा सगळ्यांना आठवतात. त्यांच्याबरोबरचे जे पंचेचाळिशीत खोकून गेले, त्यांचे नाव आज कोणी काढत नाही.

शिवाय त्या आजोबांचे आयुष्य वेगळे होते. ते रोज डोंगर चढत-उतरत होते. ताटात नागलीची भाकरी, वरई, उडीद, पावसाळ्यात रानभाज्या, ओहोळातले मासे आणि खेकडे होते. आज ताटात बहुतेक पांढरा भात असतो. पिशवीचे तेल आले, तीन वेळचा साखरेचा चहा आला, मुलांच्या हाती पाच रुपयांचे कुरकुरे आले. बाजाराला पायी जाण्याऐवजी जीप आली. तंबाखू तेवढी राहिली, तिला तोलून धरणारे बाकीचे निघून गेले.

यात चांगली गोष्ट अशी की, सुधारणेचा अर्धा रस्ता आपल्याच घरात आहे. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात १० च्या आसपास. म्हाताऱ्या हाडांसाठी डबाबंद पावडर विकत आणण्याआधी शेताच्या वरकस तुकड्यावर नागली लावा.

३. एका वेळी एकच बदल

सगळे एकदम सोडायला निघालेला माणूस आठ दिवसांत सगळे पुन्हा धरतो. म्हणून एक निवडा, ते बसू द्या, मग दुसरे.

मशेरी, तंबाखू, बिडी. सोडण्याचा दिवस ठरवा आणि घरात सांगा. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप लागत नाही, डोके दुखते, पोट साफ होत नाही. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. हा आजार नाही, शरीर सवय सोडत असल्याची ती खूण आहे. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी प्या, बडीशेप किंवा वाळवलेला आवळा चघळा, अंगणात फेरी मारा. सकाळी मशेरीऐवजी कडुनिंबाची किंवा करंजाची काडी घ्या. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११२ ३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. ज्यांना फोन जमत नाही त्यांना लावून द्या. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तोंड पुरते उघडत नसेल, तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात न्या.

मीठ. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका माणसाला चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात भाजीपासून चटणीपर्यंत सगळे आले. आपल्याकडे मीठ लपून बसते ते सुकट, सुके बोंबील, पापड आणि लोणच्यात. सुकी मासळी सोडा असे कोणी म्हणत नाही. ती कोमट पाण्यात दोनदा धुवा आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका. चवीला चिंच, लिंबू, अंबाडी आहेच. ताटात मिठाची चिमूट वाढण्याची पद्धत तेवढी थांबवा.

दारू. येथे एक इशारा मोठ्याने वाचावा. जो माणूस रोज पितो, ज्याचे हात सकाळी घोट घेतल्याशिवाय थरथरतात, त्याने आपल्या मनाने एकदम दारू तोडू नये. अशा माणसाला दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याने दारू सोडायचीच आहे, पण आधी डॉक्टरकडे जाऊन, औषधाच्या आधाराने. गावासमोर शपथ घ्यायला लावून त्याला घरी एकटा सोडणे हा उपकार नव्हे. जो कधीतरी सणाला पितो, त्याची गोष्ट वेगळी. त्याला हा धोका सहसा नसतो.

पायांची ताकद. "आयुष्यभर कष्ट केले, आता व्यायाम कशाला?" असे वडीलधारे विचारतात. त्यांनी काम थांबवले आणि मुलांनी प्रेमाने ओट्यावर बसवले, की सहा महिन्यांत पाय हलके पडतात. मग एक दिवस ओल्या अंगणात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरुणाला लागतो. म्हणून रोज अर्धा तास चालणे हवे. त्याशिवाय खाटेवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे. घराच्या खांबाला धरून एका पायावर दहा मोजेपर्यंत उभे राहणे, मग दुसऱ्या पायावर. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी तपासणी.

गोळी. रक्तदाबाची आणि साखरेची गोळी सवयीइतकीच महत्त्वाची आहे. उपकेंद्रात तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी होते. आशाताई घरी येऊन माहिती भरून घेतात, त्यांना टाळू नका. भट्टीवर निघताना जेवढ्या महिन्यांच्या गोळ्या मिळतील तेवढ्या मागून घ्या.

४. दोन घरांची गोष्ट

याच भागातील एका आजोबांची परवानगी घेऊन हे सांगत आहे. त्यांची गोळी सुरू होती. चार महिन्यांनी डोके दुखायचे थांबले. "बरे वाटते आहे, आता कशाला?" म्हणून त्यांनी गोळी आपणहून बंद केली. पुढच्या लावणीच्या दिवसांत, सकाळी, त्यांचा उजवा हात गळून पडला आणि जीभ जड झाली. आज ते काठीवर चालतात. तारपा वाजवणारा हात आता घास उचलत नाही. ते म्हणाले, "माझ्या नावाने नको, पण सांगा सगळ्यांना. बरे वाटत होते ते गोळीने वाटत होते."

रक्तदाब वाढला तरी बहुधा दुखत नाही, हे यातून शिकावे. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर पाणी पाजत किंवा अंगारा लावत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. येथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

आता आपल्या पहिल्या आजीकडे वळू. गोवऱ्यांची गोष्ट ऐकून मी गप्प बसले होते. तेवढ्यात तिची दोन नातवंडे शाळेतून आली आणि तिच्या मांडीशी बिलगली. त्यांचे आईबाप भट्टीवर. मी एवढेच विचारले, "आजी, तुम्ही पडलात तर ही दोघे कुठे जातील?" आजीने उत्तर दिले नाही. पण निघताना गोळ्यांची चिठ्ठी मागून घेतली.

ती नातवंडे भट्टीवर गेली असती तर त्यांची शाळा सुटली असती. आजी उभी आहे म्हणून ती वर्गात आहेत. "माझे काय राहिले?" या प्रश्नाचे उत्तर तिच्या मांडीशी उभे होते.

पौषात तिने मशेरी सोडली. शिमग्याला पाहुण्या बायका आल्या, डबी फिरली आणि पुन्हा सुरू झाली. ती आमच्यापासून तोंड लपवू लागली. आशाताईने तिला बोल लावला नाही. "पडलीस तर ऊठ, रस्ता तोच आहे," म्हणाली. यात एक चूक आमचीही होती. आम्ही फक्त आजीला सांगितले होते, घराला नाही. वैशाखात मुलगा आणि सून परतले तेव्हा सगळ्यांना एकत्र बसवले. सूनही मशेरी लावत होती. दोघींनी एकाच दिवशी सोडायचे ठरवले. नातवाला बिडी-तंबाखू आणायला दुकानात पाठवणे बापाने बंद केले. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याला तेव्हाच कळले.

आज आठ महिने झाले. आजीचा रक्तदाब मागच्या फेरीत १३८ वर ८४ होता. गोळी चालूच आहे आणि चालूच राहील. गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सगळे बरे झाले असे नाही. मशेरीची रिकामी डबी तिने अजून टाकलेली नाही. तिच्यात ती नातवंडांच्या पाटीवरच्या पेन्सिली ठेवते.

५. बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पाड्यावर पन्नाशीपुढच्या किती जणांनी गेल्या वर्षभरात रक्तदाब तपासून घेतला आहे? नावे आठवून मोजा.
२. "या वयात काय उपयोग?" असे म्हणणाऱ्या तुमच्या घरातील माणसावर कोण अवलंबून आहे?
३. तुमच्या घरी तंबाखू किंवा दारू आणायला मुलांना पाठवले जाते का? ते कोण थांबवू शकेल?
४. कोणी सोडून पुन्हा सुरू केले, तर आपण त्याला काय बोलतो? त्याऐवजी काय बोलावे?

या तिमाहीचे काम

प्रत्येकाने एकच बदल निवडावा आणि सोबतीला घरातले एक माणूस घ्यावे. बदल व सुरुवातीची तारीख आशाताईंच्या वहीत लिहून द्यावी. बैठकीच्या दिवशी साठीवरील सर्वांना सोबत नेऊन रक्तदाब मोजून घ्यावा. जे भट्टीवर आहेत त्यांच्या मागे राहिलेल्या आई-वडिलांकडे कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एकदा जावे आणि गोळ्या उरल्या आहेत का, हे डबा उघडून पाहावे.

पुढच्या अंकाआधी तुमच्या पाड्यावरचे अनुभव कळवा. ज्यांना जमले त्यांचे कळवा, आणि जे एकदा पडून पुन्हा उठले त्यांचे तर जरूर कळवा.