जुन्या ट्रॅक्टरचे मंद दिवे : कारणे व उपाय

बोदवड हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण भुसावळ-नागपूर लोहमार्गावर वसले असून कापसाच्या व्यापाराकरिता खानदेशात परिचित आहे. वेचणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे आसपासच्या खेड्यांतून कापसाने भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात. दिवसा वेचणी, सायंकाळी मोजणी व भरणी आणि त्यानंतर वाहतूक, असा क्रम असल्यामुळे यांतील पुष्कळशी वाहतूक अंधार पडल्यावरच होते. याच वेळी बैलगाड्या, पायी चालणारे मजूर व गुरेही रस्त्यावर असतात.

भारतीय बनावटीचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबाद येथे आयशर कंपनीने तयार केला. तेव्हापासूनच्या दीर्घ काळात खेडोपाडी आलेल्या ट्रॅक्टरांपैकी कित्येक जुने ट्रॅक्टर आजही उत्तम काम देतात. त्यांचे इंजिन वेळोवेळी दुरुस्त होते; दिव्यांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रॅक्टर एका सेकंदात सुमारे ७ मीटर अंतर कापतो. चालकाला अडथळा दिसून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दहाएक मीटर अंतर सहज निघून जाते आणि मागे भरलेली ट्रॉली असल्यास थांबण्यास आणखी अंतर लागते. पुढील माणसे व वाहने १५५ मीटरपर्यंत स्पष्ट दिसावीत एवढा दिव्यांचा प्रकाश असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०५ व्या नियमात सांगितले आहे.

दिवा मंद का होतो?

दिवा मंद झाला की बल्ब बदलावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जुन्या ट्रॅक्टरमध्ये दोष बहुधा बल्बात नसून बॅटरीपासून बल्बापर्यंतच्या वाटेत असतो. विहिरीवरील मोटार चांगली असूनही पाइप अरुंद व गळका असल्यास शेवटच्या वाफ्यास पाणी पुरत नाही. विजेचेही तसेच आहे. बारीक वायर, गंजलेला सांधा, झिजलेला स्विच आणि रंग किंवा मातीमुळे तुटलेला अर्थ या प्रत्येक ठिकाणी विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, थोडे थोडे खर्च होते.

या घटीचा प्रकाशावर होणारा परिणाम अपेक्षेपेक्षा फार मोठा असतो. तारेच्या बल्बास १० टक्के व्होल्टेज कमी मिळाल्यास प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. २० टक्के कमी मिळाल्यास निम्माही प्रकाश उरत नाही. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना बल्बापर्यंत केवळ ११ व्होल्ट पोहोचत असतील, तर नवा बल्ब घालूनही विशेष उपयोग होणार नाही.

तपासणी कशी करावी?

याकरिता साधा मल्टीमीटर पुरेसा आहे. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. ट्रॅक्टर उभा करून हँडब्रेक लावावा, इंजिन मध्यम वेगाने चालू ठेवावे आणि लांब पल्ल्याचा प्रकाश लावावा. दिवे बंद असताना घेतलेले माप उपयोगाचे नाही, कारण प्रवाह वाहत असतानाच घट दिसते.

१) प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर माप घ्यावे. ते १३.५ ते १४.५ व्होल्ट असावे. १३ पेक्षा कमी असल्यास आधी पट्ट्याचा ताण, डायनॅमो किंवा आल्टरनेटर व बॅटरीची टोके तपासावीत. डायनॅमो असलेल्या ट्रॅक्टरचे दिवे इंजिन मंद असताना थोडे उतरतात. हा दोष समजू नये.

२) मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकास व दुसरी बल्बाच्या प्रवाह येणाऱ्या टोकास लावावी. मीटर जो आकडा दाखवील तीच वाटेतील घट होय. ती अर्ध्या व्होल्टहून अधिक नसावी.

३) नंतर एक तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी बल्बाच्या अर्थच्या टोकास लावावी. येथे ०.२ व्होल्टहून अधिक माप आल्यास अर्थ खराब आहे असे समजावे.

काही जुन्या परदेशी ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते. म्हणून वायरचा रंग न पाहता बॅटरीवरील खुणा पाहूनच जोडणी समजून घ्यावी. अशा ट्रॅक्टरवर वरील दुसरे माप ऋण टोकापासून व तिसरे धन टोकापासून घ्यावे.

दुरुस्ती

कामास आरंभ करण्यापूर्वी सांगाड्यास जोडलेली बॅटरीची केबल प्रथम सोडावी व काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी. अर्थच्या जागेवरील रंग व गंज पॉलिशपेपरने घासून पत्रा चकचकीत करावा, बोल्ट घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे. दोन्ही दिव्यांस अर्थची स्वतंत्र वायर देऊन ती सांगाड्याच्या स्वच्छ भागास जोडणे अधिक चांगले. पिळून चिकटपट्टी लावलेले सांधे काढून तेथे नवी वायर घालावी. सैल सांधा तापतो व ठिणगीही टाकतो. कापसाच्या वाहतुकीत याची उपेक्षा करणे धोक्याचे आहे.

एवढे करूनही घट राहिल्यास रिले बसवावे. मूळ रचनेत दोन्ही दिव्यांचा सर्व प्रवाह स्विचमधून जातो. ६० वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. एक चौरस मिलिमीटरच्या ५ मीटर तांब्याच्या वायरमध्ये एवढ्या प्रवाहामुळे सुमारे ०.९ व्होल्ट खर्च होतात. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हीच घट ०.३५ व्होल्टच्या आसपास राहते. रिले बसविल्यावर स्विचला केवळ इशारा देण्यापुरता अल्प प्रवाह वाहावा लागतो आणि दिव्यांना बॅटरीकडून थेट पुरवठा मिळतो.

लांब व जवळच्या प्रकाशाकरिता एकेक, असे १२ व्होल्टचे दोन रिले घ्यावेत. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकास बॅटरीवरून अडीच चौरस मिलिमीटरची वायर द्यावी व तीत बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज घालावा. ८७ क्रमांकाचे टोक दिव्यांस जोडावे. दिव्याकडे जाणारी जुनी वायर ८६ ला व अर्थ ८५ ला द्यावा. रिले इंजिनच्या उष्णतेपासून दूर, टोके खाली येतील अशा रीतीने बसवावेत, म्हणजे त्यांत पाणी साचणार नाही. ही जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घेणे हितावह.

काय टाळावे?

जुन्या वायरिंगवर १०० वॅटचे बल्ब लावू नयेत. असे दोन बल्ब सुमारे १७ अँपिअर प्रवाह घेतात. त्यामुळे घट वाढते, होल्डर वितळतो व रिफ्लेक्टर काळा पडतो. फ्यूजच्या जागी तार बांधू नये. तारेच्या बल्बाकरिता बनविलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसविल्यास प्रकाश बहुधा विखुरतो व समोरच्याचे डोळे दिपतात. रिफ्लेक्टरची चकाकी गेली असेल तर तो पुसून किंवा घासून सुधारत नाही, बदलावाच लागतो. काचेवरील काळ्या मातीचा थर मात्र रोज ओल्या फडक्याने काढावा.

दिव्यांचा रोख

दिवे सुधारल्यावर त्यांचा रोख अवश्य पाहावा. सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर ट्रॅक्टर उभा करावा. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीवर खडूने रेघ ओढावी. जवळच्या प्रकाशाची वरची कडा या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली यावी. ही तपासणी भरलेली ट्रॉली जोडून करावी, कारण तिचा भार हुकावर पडला की ट्रॅक्टरचे तोंड किंचित उचलले जाते व रोख वर जातो.

पुढचे दिवे उजळले तरी मागून येणाऱ्यास ट्रॉली दिसत नाही. तिच्या पाठीमागे तांबडे दिवे व तांबडे परावर्तक असावेत आणि लोंबणाऱ्या कापसाने किंवा ताडपत्रीने ते झाकले जाऊ नयेत.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी वेचणीस आरंभ होण्यापूर्वी गावात एक दिवस ठरवून मल्टीमीटरने सर्व ट्रॅक्टरांची तपासणी करावी व प्रत्येकाची तिन्ही मापे वहीत नोंदवावीत. दुरुस्तीनंतर तीच मापे पुन्हा घेतल्यास दोष कोठे होता व किती दूर झाला, हे शेतकरी बंधूंना प्रत्यक्ष आकड्यांवरून समजेल. पुढील वर्षीच्या तपासणीसही ही नोंद उपयोगी पडेल.